द्वेषाच्या व्हिडिओवर तुमची जाहिरात? या चुका टाळा

"जाहिरात माणसामागे जाते, ती कुठे दिसावी हे आम्ही ठरवत नाही." शिवीगाळीच्या व्हिडिओवर आपली जाहिरात दिसल्याचा स्क्रीनशॉट आला की कंपन्या हेच उत्तर देतात. ही सगळ्यात मोठी चूक. यूट्यूबवर व्हिडिओच्या आधी-मधी लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात. म्हणजे त्याच्या विखारातून होणाऱ्या कमाईत तुमचाही पैसा असतो, आणि तो देणं थांबवणं तुमच्या हातात आहे. मे २०१३मध्ये स्त्रियांवरच्या हिंसेची थट्टा करणाऱ्या फेसबुक पानांविरुद्ध स्त्री संघटनांनी मोहीम उघडली, ती थेट जाहिरातदारांना गाठून. निसानच्या ब्रिटन शाखेसह काहींनी जाहिराती थांबवल्या आणि आठवड्याभरात फेसबुकने आपली यंत्रणा कमी पडल्याचं कबूल केलं.

दुसरी चूक, रिपोर्ट न उघडणं. गूगल ॲड्समध्ये जाहिरात कोणत्या चॅनेलवर, कोणत्या साइटवर दिसली याची यादी मिळते. ती खर्चाच्या क्रमाने लावा आणि वरची नावं स्वतः उघडून बघा. नको ती वगळा. पोहोच घटेल म्हणून लोक इथे कचरतात. पण जेपी मॉर्गन चेसने २०१७मध्ये जाहिरातीच्या साइट्स सुमारे ४ लाखांवरून ५ हजारांवर आणल्या, तरी परिणामात फारसा फरक पडला नाही.

मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर, इन्व्हेंटरी फिल्टर तपासा; जाहिरात कसल्या मजकुराजवळ दिसू द्यायची, हे त्यात ठरतं. ऑडियन्स नेटवर्क, म्हणजे मेटाबाहेरच्या ॲप्समध्ये जाहिरात दाखवण्याची सोय, नको असेल तर बंद करा.

वगळायच्या शब्दांची यादी (ते शब्द असलेल्या मजकुरावर जाहिरात दिसू नये म्हणून दिलेली) फक्त इंग्रजीत ठेवणं मराठी जाहिरातदाराला महागात पडतं. आपल्याकडच्या जातिवाचक शिव्या देवनागरीत आणि रोमन लिपीतही लिहिल्या जातात, एकेक शिवी तीन-चार स्पेलिंगांनी. ती सगळी रूपं घाला. मात्र 'मृत्यू', 'हल्ला' असे शब्द सरसकट टाकू नका. २०२०मध्ये अनेकांनी 'कोरोना' हा शब्दच वगळला आणि खरी माहिती देणाऱ्या वृत्तपत्रांचं उत्पन्न बुडालं. हाही अन्यायच.

"ते एजन्सी बघते" असं म्हणू नका. २०२०मध्ये बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी तीन वृत्तवाहिन्या काळ्या यादीत टाकल्याचं स्वतः जाहीर केलं. माध्यम टीव्हीचं होतं, पण निर्णय मालकाच्या पातळीवर झाला.

स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला ब्लॉक करू नका. लिंक आणि वेळ विचारा, ती जागा लगेच वगळा, रिपोर्टशी ताडून बघा, आणि काय केलं ते त्याच व्यक्तीला कळवा.