मे महिन्यात भरदुपारी जिताडा कसा गरवावा

‘उन्हात जिताडा लागत नाही, पहाटे या’ हा सल्ला मुंबईच्या खाड्यांवर फुकट मिळतो आणि तो तेवढ्याच किमतीचा आहे. जिताडा मुळात गरम पाण्यातला मासा. मे महिन्यातल्या पाण्याने त्याची भूक मरत नाही, फक्त तो उघड्यावर फिरत नाही. सावलीत, तोंड प्रवाहाकडे करून दबा धरतो आणि वाहत येईल ते गिळतो. दुपारी हात हलवत परतणाऱ्यांचं बहुधा दोन ठिकाणी चुकतं: ओहोटीची वेळ आणि बादलीतली कोळंबी. पहिलं पंचांग बघून सुटतं.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून तीनपर्यंत ओहोटी. खाडीत आत गेलात तर हे थोडं उशिरा. दुपारसाठी एकादशी ते त्रयोदशी धरा, पक्ष कुठलाही असो. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी अगदी कमजोर, पाणी जेमतेम हलतं. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा ते इतकं जोरात आणि गढूळ धावतं की शिसं जागेवर टिकत नाही. ॲपवरही वेळा मिळतात, खुशाल बघा. एकादशीला गरी घेऊन निघालात तर घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही निस्तरा.

सामान साधं: सात फुटी रॉड, तीस पौंडी ब्रेड (तीस पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी), सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) आणि पुढे हातभर पन्नास पौंडी तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी). तंगूस गाळू नका. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, त्याने डोकं झटकलं की नुसती ब्रेड कापली जाते.

आता कोळंबी. मेलेली कोळंबी टाकलीत तर शिंगाळे (मिशांचे काटेरी मासे) येतील आणि खेकडे गळ पुसून नेतील. जिताड्याला हलतं खाणं लागतं. किनाऱ्यावर कुणी ना कुणी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकत असतोच. त्याच्याकडून बोटभर लांबीची जिवंत कोळंबी घ्या, आणि भाव करत बसू नका. विकत घेणं हा सोपा भाग झाला. ती दोन वाजेपर्यंत जिवंत ठेवणं, इथे भलेभले हरतात.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच वेळी तापलेल्या कोळंबीला तो जास्त लागतो. दोन्हीकडून कात्री. म्हणून बादलीत पन्नास कोंबायच्या नाहीत, दहा-बारा पुरे. बादली पांढरी घ्या, काळी उन्हात लगेच तापते. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा आणि ते सुकू देऊ नका. क्रॉफर्ड मार्केटच्या फिशटँकवाल्यांकडे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो घ्याच. महागडी रीळ घेऊन पंपाचे पैसे वाचवणारे लोक मला कळलेलेच नाहीत.

बादलीत बर्फाचे खडे टाकायचे नाहीत, कुणी कितीही सांगो. तो नळाच्या पाण्याचा बर्फ. वितळला की खारेपणा उतरतो, वर क्लोरीन. कोळंबी गार होते खरी, पण कायमची. त्याऐवजी पाणी गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली, बूच घट्ट लावून, आत सोडा. हाताला पाणी कोमट न वाटता जरा गार लागलं की बाटली काढा. एकदम गार केलंत तरीही ती मरते. अर्ध्या तासाने एक तृतीयांश पाणी बदला, पण काठाचं तापलेलं नको, वाहत्या धारेतलं घ्या. आणि नजर ठेवा: जिवंत कोळंबीचं अंग काचेसारखं आरपार दिसतं. ते दुधाळ पडायला लागलं की ती गेलीच समजा. लगेच बाहेर काढा, नाहीतर पाणी नासून बाकीच्याही जातील.

लोकलमधून भरलेली बादली नेऊ नका, शिव्या खाल. खाडीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याच्या थरांत कोळंबी ठेवा, थर्माकोलच्या डब्यात, खाली ती बाटली. तासाभराचा प्रवास ती सोसते.

गळ लावताना डोक्यावरच्या काट्याखाली बघा, कवचातून एक काळा ठिपका दिसतो. गळ त्याच्या पुढून, नुसत्या कवचातून आडवा काढा. ठिपक्याला टोचलं की कोळंबी जागच्या जागी संपते, आणि सकाळपासूनची सगळी मेहनत पाण्यात.

जागा दोन प्रकारच्या. खारफुटीतून खाडीत उतरणाऱ्या ओहळाचं तोंड, किंवा वापरात नसलेला धक्का. गोराई-मनोरीच्या खाडीत दोन्ही आहेत. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्यात गरी काढायची नाही. फेरीबोटीच्या जेट्टीपासून आणि लावलेल्या जाळ्यांपासून लांब राहा. कोळी बांधव दिसले तर ‘नाखवा, इथं टाकू का?’ एवढं विचारा, बहुतेक वेळा चांगली जागाच सांगतात. मेच्या मध्याला मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे दुपारी सावली धक्क्याच्या शेजारी नसते, थेट खाली असते. कोळंबी तिथेच जायला हवी. नेम धरून सावलीत आदळू नका. वरच्या अंगाला, प्रवाहात टाका आणि ओहोटीला तिला आत नेऊ द्या, रीळ मोकळी ठेवून. दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, दोरीला पोट पडतं, तेवढं सांभाळा.

दणका बसला की झटका मारायचा नाही. दोरी चालू लागू दे, मग नुसती ताणत जा, सर्कल हूक स्वतःच ओठाच्या कोपऱ्यात बसतो. मासा उडी मारतो तेव्हा रॉड खाली करा. त्याच्यामागे गाळात उतरू नका, मांडीपर्यंत रुतल्यावर भरती वाट बघत नाही. उचलताना जाळी वापरा, कल्ल्यात बोटं नकोत. शिंगाळा आला तर पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा सांभाळून पक्कडीने सोडवा.

दोन फुटांखालचा जिताडा मी परत सोडतो. हा मासा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठा लागला तर तोही सोडावा असं माझं मत. मधला ठेवायचा असेल तर लगेच मारून बर्फात घाला. पेटी आणली नसेल तर सोडून द्या. मेच्या उन्हात तासभर पिशवीत राहिलेला जिताडा मांजरही हुंगणार नाही.