चिंधीच्या काठीनं कुत्रं चेकाळतंय? मग या चुका टाळा

"भाऊ, तुमी सांगतलं तसं रोज अर्धा घंटा खेळवतो, पन थो आखीनच येडा झाला ना बाप्पा!" असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. अर्धा तास मी आजवर कोणालाच सांगितलेला नाही. मी सांगितली होती पाच मिनिटं. पाचाची तीस वाटेत कुठे झाली, हे शोधायच्या भानगडीत मी आता पडत नाही.

ज्यांना ही भानगडच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-साडेचार फुटांची काठी, तिच्या टोकाला पाच-सहा फूट दोरी आणि दोरीला बांधलेली चिंधी. माणूस एका जागी उभा राहतो, चिंधी जमिनीवरून पळते आणि कुत्रं तिच्यामागे सुटतं. दुकानात याला फ्लर्ट पोल म्हणतात, आमच्या घरी चिंधीची काठी. हिंगणघाटकडे आमचं वावर आहे आणि राखणीला कायम एक-दोन दांडगी कुत्री असतात. आजकाल गावोगाव लोक हौसेनं जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन आणतात, दिवसभर साखळीला बांधून ठेवतात आणि मग ते बैलबंडीमागे धावतं, शेळ्यांच्या अंगावर जातं, रात्रभर भुंकून आळीला झोपू देत नाही म्हणून डोक्याला हात लावून बसतात. अशा कुत्र्याला या काठीचा खरोखर उपयोग होतो. पण ती कुत्रं दमवायला नाही, भर धावेत थांबायला शिकवायला आहे. नुसतं दमवत राहिलात तर कुत्र्याचा दम वाढतो. आज जे अर्ध्या तासात बसलं, ते महिन्याभरानं तासाभरातही बसणार नाही. फुकटात पैलवान तयार केलात, आता सांभाळा.

चिंधी हवेत उडवणं

ही चूक पाहिली की माझं डोकंच फिरतं. मोबाईलवर व्हिडिओ चांगला येतो म्हणून लोक चिंधी डोक्याच्या वर धरतात, कुत्रं चार-पाच फूट उडी घेतं आणि सगळे टाळ्या पिटतात.

माझ्या भाच्याकडे एक लॅब्राडोर होता. नाव मोती, वय अडीच वर्षं, वजन 38 किलो. त्यातले चार-पाच किलो नुसत्या लाडाचे. तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरत आलेले, अंगणात ही गर्दी. सकाळी पाऊस पडून गेलेला, गोठ्यापुढची काळी माती लोण्यासारखी झालेली. कोणीतरी म्हणालं, मोतीची उडी दाखव. भाच्यानं काठी काढली. एक उडी झाली, दुसरी झाली. पोट्टे म्हणाले, अजून वर. तिसऱ्या उडीला मोतीनं हवेतच अंग पिळलं, मागच्या एकाच पायावर उतरला आणि तो पाय चिखलात आडवा सरकला. एकदाच केकाटला. मग तीन पायांवर उभा राहून शेपूट हलवत चिंधीकडेच पाहत होता, ते मला अजून विसरता येत नाही. कुत्र्याला चिंधी दिसली की दुखणं कळत नाही. म्हणून 'त्याला दुखलं तर तो थांबेलच की' या भरवशावर कोणी राहू नये.

दोन दिवस हळद-तेल लावण्यात गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मोतीला कुशीवर निजवलं, एका हातात मांडीचं हाड धरलं, दुसऱ्या हातात नडगी, आणि हळूच पुढे ढकललं. टेबलाचा खण सरकावा तशी नडगी पुढे सरकली. त्या तपासणीचं नावच ड्रॉवर टेस्ट. गुडघ्यात हाडं जागेवर धरून ठेवणारा लिगामेंट तुटलेला होता. डॉक्टर म्हणाले की मोठ्या, वजनदार कुत्र्यांत हा लिगामेंट बहुधा आधीपासून झिजत आलेला असतो, उडी हे निमित्त होतं. आणि एका पायाचा गेला की पुढेमागे दुसऱ्याचाही जायची भीती असते. ऑपरेशन झालं, सहा क्विंटल कापसाचे पैसे गेले, तीन महिने मोती दोरीला धरून फक्त लघवीपुरता बाहेर. आता चालतो बरा. सकाळी उठताना मात्र मागचा पाय आधी झटकतो आणि मग टेकवतो.

म्हणून माझ्याकडे नियम एकच: चिंधी जमीन सोडणार नाही. उंदीर कधी हवेतून पळतो का? पळवायची तीही मोठ्या वळणानं. आपल्याभोवती गरगर फिरवली की कुत्रं एकाच पायावर भार टाकत गोल गोल फिरतं. मी चिंधी वावरात नांगरानं पाडलेल्या तासासारखी लांब सरळ नेतो, टोकाला बंडी वळवावी तशी सावकाश वळवतो, आणि दर फेरीला बाजू बदलतो. त्याआधी पाच मिनिटं साधं चालवणं ठरलेलं. झोपेतून उठवून थेट पळवायचं नाही.

मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं वाढतात ती टोकांकडून, आणि ती टोकं 12 ते 18 महिने कच्ची असतात. तोवर चिंधी हळू सरपटत न्यायची, मिनिट-दोन मिनिटं, बस. सहा महिन्यांचं पिल्लू तुमच्या कमरेला लागतंय म्हणून ते मोठं झालं असं होत नाही.

जागा पाहून घ्यायची. कापसाच्या पऱ्हाट्या काढलेल्या वावरात खुंट राहतात, ते पंजात घुसतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांत पाय अडकतो. धुऱ्यावर सराटा असतो. मी खळ्यावर खेळवतो, कोरडं असेल तेव्हाच.

कधीच पकडू न देणं

दुसरी चूक दिसायला साधी आहे, पण कुत्र्याचं डोकं बिघडवते. काहींना वाटतं, कुत्र्याला चिंधी मिळाली की माणूस हरला. त्यामुळे दहा-दहा मिनिटं कुत्रं नुसतं धावतंय आणि मालक शेवटच्या क्षणाला झटका देऊन चिंधी काढून घेतोय, वर हसतोय.

कुत्र्याची शिकार टप्प्याटप्प्यानं चालते. पाहणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, झिंजाडणं, फाडणं. धावण्यापर्यंत आणून पुढचं तोडलं की ते अडकून पडतं. अंगातला ताव निघायची वाट बंद होते.

याचं सगळ्यात वाईट रूप म्हणजे लेझर. ओळखीतल्या एका गुरुजींनी कारवानी जातीचा कुत्रा आणला होता, लांब तोंडाचा, वाऱ्यासारखा पळणारा. ही जात नजरेनं शिकार धरणारी, हलतं काही दिसलं की सुटलीच. पोरांनी जत्रेतून लेझर पेन आणलं आणि रोज संध्याकाळी भिंतीवर लाल ठिपका नाचवायचा खेळ सुरू झाला. गुरुजी खूश, बाजेवर बसल्या बसल्या कुत्रं दमतंय. महिन्याभरानं ठिपका नसतानाही कुत्रा भिंतीकडे पाहत बसायला लागला. मग ताटाचा कवडसा पडला की तो झेपावायचा. हातातल्या घड्याळाचा कवडसा, पाण्याच्या टाक्याचा छतावर हलणारा उजेड, काहीही. मी पाहायला गेलो तेव्हा भिंतीचा गिलावा कुत्र्याच्या उंचीपर्यंत ओरबाडलेला होता आणि पुढच्या पायांची दोन नखं मुळापासून तुटलेली. खायला ठेवलेलं तसंच. लेझर पेन त्याच दिवशी विहिरीत गेलं, पण कुत्र्याच्या डोक्यातून ते काढायला वर्ष लागलं, त्यात डॉक्टरच्या गोळ्याही आल्या. आजही त्या घरात स्टीलची ताटं उन्हात वाळत घालत नाहीत.

उजेड दातात येत नाही, चिंधी येते. या काठीची सगळी करामत त्यातच आहे. मी दर दोन-तीन फेऱ्यांनी पकडू देतो. पकडली की थोडी ओढाताण, त्याला झिंजाडू देतो, गुरगुरलं तरी चालतं. मग काठी खाली टाकून चिंधी हातात धरतो आणि गुडघ्याला टेकवून अगदी निर्जीव करतो. ओढणं बंद, बोलणं बंद. मेलेल्या चिंधीत कुत्र्याला फार वेळ रस राहत नाही. तोंड सैल पडतं त्या क्षणी 'सोड' म्हणायचं आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. लोक उलटं करतात. आधी 'सोड, सोड, सोड' ओरडतात आणि जबड्यात बोटं घालतात. मग चावलं म्हणून फोन.

सोडल्यावर 'बस'. बसलं की थांबायचं. किती वेळ? मी आकडे मोजत नाही. धापा टाकताना उघडं असलेलं तोंड कुत्र्यानं मिटलं आणि एकदा आवंढा गिळला, की 'घे' म्हणून पुढची फेरी. न विचारता झेपावलं तर चिंधी पाठीमागे, खेळ बंद. पहिल्या आठवड्यात धावणं कमी आणि बसणंच जास्त होतं. नवशिक्यांना ह्याचाच कंटाळा येतो. तिसऱ्या दिवशी विचारतात, याला काही शॉर्टकट नाही का? आहे ना, साखळी. तीच तर बांधून ठेवली होती इतके दिवस.

बाकीच्या, भराभर

काठी: ठिबकची नळी वापरू नका, ती लोळते. बांबू चिरफळतो. नळाचा इंचभर जाडीचा पीव्हीसी पाईप घ्या, दोरी त्याच्या पोटातून ओवा आणि दोन्हीकडे गाठी मारा.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोरीऐवजी बांधणारे महाभाग आहेत. कुत्र्यानं ओढून सोडला की तो डोळ्यावर येतो, त्याच्या किंवा तुमच्या. पातळ नायलॉन दोरीनं पाय कापतो. सुती कासरा उत्तम.

चिंधी म्हणून पायमोजा, चप्पल, पोराचा सदरा नको. उद्या ते पायात असतानाच ओढेल. बकरीचं कातडं बांधणारा एक भेटला होता. त्याला मी एवढंच विचारलं, शेजारच्यांच्या बकऱ्या किती आहेत? जुन्या जीन्सच्या पट्ट्यांची वेणी घाला, बारदान्याचे धागे पोटात जातात.

भरल्या पोटी खेळवू नका. रुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यात पोट फुगून पीळ पडतो. खेळानंतर तासभर आणि जेवणानंतर दोन तास मी मधे ठेवतो. कुत्रं ओकायचा प्रयत्न करतंय, बाहेर काही येत नाही आणि पोट ढोलकीसारखं ताणलंय, तर ओवा-हिंग करत बसू नका, त्याच मिनिटाला गाडी काढा.

दोन कुत्री, एक चिंधी: भांडण. लहान पोराच्या हातात काठी: पोरगं चिखलात.

खेळ संपल्यावर काठी अंगणात टाकून ठेवली की कुत्रं दोरी चावून गिळतं आणि वर काठीची किंमतही राहत नाही.

ऊन

यावर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पार जातो आणि तरी लोक संध्याकाळी पाच वाजता काठी काढतात. 'ऊन उतरलं ना!' ऊन उतरलं असेल, जमीन उतरलेली नसते. पंजाला घाम येतो तेवढाच, बाकी कुत्र्याला थंड व्हायला जिभेशिवाय मार्ग नाही. त्याचं अंग मुळातच 38-39 अंशांवर असतं, 41 च्या वर गेलं की जिवाशी गाठ. उलटा तळहात मातीवर ठेवा, सात-आठ सेकंद सहन होत नसेल तर खेळ नाही. मार्च ते जून मी सकाळी साडेसहाच्या आत उरकतो, लांब केसांच्या कुत्र्याला तर मे महिन्यात काठी दाखवतच नाही.

जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, लाळ चिकट झाली, चाल झिंगल्यासारखी झाली की खेळ तिथेच मोडायचा. सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, पोटाला, जांघेत, आणि पंखा किंवा पुठ्ठ्यानं वारा घाला. आधी पाणी, मग डॉक्टर. ओलं गोणपाट अंगावर टाकून ठेवू नका, ते तापतं आणि आतली उष्णता कोंडते.

शेवट तोडणं

खेळ ऐन रंगात असताना 'चल, झालं' म्हणून काठी उचलली आणि कुत्रं साखळीला बांधलं, तर ते तासभर साखळीशी झुंजतं. मग म्हणायचं, काठीनं शांत होत नाही. अहो, चुलीवरचं दूध उतू जाताना झाकण ठेवलंत तुम्ही!

शेवटच्या फेरीत चिंधी मंद करत न्यायची. थोडी लंगडते, थांबते, पुन्हा दोन बोटं सरकते आणि मरते. पकडू द्यायची. तोंडात धरून मिरवत चार पावलं चालू द्यायची, मग 'सोड'. त्यानंतर मी गवतात भाकरीचे बारीक तुकडे उधळतो. नाक जमिनीला लागलं की श्वास आपोआप खाली येतो. पाच मिनिटं हुंगत फिरतं, घोट घोट पाणी पितं आणि बंडीच्या सावलीत अंग टाकतं. काठी गोठ्यात कासऱ्यांच्या खुंटीला, उंच.

परवा पुन्हा तोच फोन. सगळं पहिल्यापासून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांत.

"म्हंजे पाचच मिनटं?"

"पाचच."

"अन् मंग बाकीच्या वेळात काय करू त्याचं?"

"वावराले एक चक्कर मार ना त्याच्यासंगं. दोरी ढिली ठेव, जिथं हुंगन तिथं उभा राह्य."

"थ्या कामाले टाइम कोनाले हाय, भाऊ?" म्हणाला आणि फोन ठेवला.