ख्रिस्तीबाईंची उरलेली पुस्तकं कशी वाचावीत

इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीची गाजलेली पाच-सहा पुस्तकं वाचून झाली की बरेच वाचक एकदम शेवटची उचलतात आणि वैतागून सोडून देतात. मी सोलापुरात नव्या पेठेत औषधांचं दुकान चालवते. उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा मी हीच पुस्तकं वाचते आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना वाचायलाही देते. देताना एक गोष्ट बजावते: पुस्तक छापलं कधी हे सोडा, लिहिलं कधी ते बघा.

'कर्टन' १९७५ साली आलं, 'स्लीपिंग मर्डर' १९७६ साली, बाई गेल्यावर. पण दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून राखून ठेवलेली. त्यांनी लिहिलेली खरी शेवटची कादंबरी म्हणजे १९७३ची 'पोस्टर्न ऑफ फेट'. 'कर्टन' हातात घ्यायच्या आधी १९२०चं 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' पुन्हा वाचा, कारण दोन्ही गोष्टी त्याच घरात घडतात.

सुरुवात 'फाइव्ह लिटल पिग्ज'पासून करा. सोळा वर्षांपूर्वी एका चित्रकाराचा विषाने मृत्यू झाला, बायकोला शिक्षा झाली, आणि आता मुलगी डिटेक्टिव्ह पोयरोकडे आली आहे. त्या दिवशी हजर असलेले पाच जण आपापली हकीकत लिहून देतात. वहीच्या पानावर पाच रकाने पाडा. बिअरची बाटली कोणी आणली, जेवायच्या आधी कोण कुठे होतं, एवढंच प्रत्येकाच्या रकान्यात लिहा. रकाने शेजारी-शेजारी आले की पुस्तकाची सगळी वीण दिसते.

लगेच पाठोपाठ 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' घ्या, १९७२चं. घडण तीच, जुने मृत्यू आणि लोकांच्या आठवणी. इथेही रकाने पाडा. या वेळी वर्षं आणि वयं जुळत नाहीत, एकच गोष्ट माणसं पुन्हा पुन्हा बोलतात. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांना या पुस्तकातला शब्दसंग्रह बराच आटलेला दिसला, आणि त्यामागे स्मृतिभ्रंश असावा अशी शंका त्यांनी मांडली. हे ठाऊक असलं की वाचणारा चिडत नाही. आठवण निसटत चाललेली बाई आठवणींवरच कादंबरी लिहीत होती. माझ्या मनातून ते जात नाही.

'द पेल हॉर्स' (१९६१) मी प्रत्येकाला देते. पहिल्या महायुद्धात बाई टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करायच्या, त्यामुळे विषाच्या बाबतीत त्यांचं अंदाजपंचे काही नसतं. विष कोणतं ते मी सांगणार नाही. १९७७ साली लंडनमध्ये एका लहान मुलीच्या आजाराचं निदान होत नव्हतं. हीच कादंबरी वाचत असलेल्या नर्सला लक्षणं ओळखीची वाटली, आणि मुलगी वाचली. वाचताना आजाऱ्यांची वर्णनं पेन्सिलीने खुणावून ठेवा.

'एंडलेस नाइट' (१९६७) एका बैठकीत. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना सुरू केलंत तर उत्तम. मलपृष्ठावरचा मजकूर अजिबात वाचू नका. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईने तरुण ड्रायव्हरच्या तोंडून अख्खी गोष्ट सांगितली आहे आणि आवाज कुठेही ढळत नाही. सत्तरीच्या दशकातलं मला सर्वांत आवडतं ते 'नेमेसिस', मात्र त्याआधी 'अ कॅरिबियन मिस्ट्री' हवं. तिथला श्रीमंत, फटकळ राफिएल मेल्यावर, रहस्यं उकलणाऱ्या मार्पलबाईंवर कामगिरी सोपवतो. त्याला आधी भेटला नसाल तर त्या कामगिरीचं वजन कळत नाही.

'पॅसेंजर टू फ्रँकफर्ट' मागे राहिलं तरी चालेल. विमानतळावरचं पहिलं प्रकरण झकास आहे, पुढे कथा हातातून सुटते.

टॉमी आणि टपेन्स या हेरगिरी करणाऱ्या जोडप्याची पुस्तकं मात्र क्रमानेच वाचा, १९२२च्या 'द सीक्रेट अ‍ॅडव्हर्सरी'पासून. ख्रिस्तीबाईंनी या जोडप्याला खरोखर म्हातारं होऊ दिलं. 'पोस्टर्न ऑफ फेट'मध्ये टपेन्सला जुन्या घरातल्या पुस्तकात लाल शाईने अधोरेखित केलेली अक्षरं सापडतात, आणि ती जुळवली की एका खुनाचा निरोप निघतो. रहस्य पुढे विरत जातं, पण आधीची चार पुस्तकं वाचलेली असतील तर या दोघांच्या गप्पांसाठी तुम्ही शेवटपर्यंत वाचाल.