गाजराच्या चकतीतून गर्भ काढायचा तर

प्रॅक्टिकलला पोरं आली की पहिला प्रश्न ठरलेला : “मॅडम, केळीचं टिश्यू कल्चर म्हणतात ते हेच का?” हे नव्हे. केळीत कोंबाच्या टोकापासून फुटवे वाढवतात. आपल्याला हवाय गर्भ, म्हणजे बीमध्ये असतं तसं इवलंसं रोप, तोही फूल-पराग काही नसताना. त्यासाठी गाजरासारखं गुणी पीक नाही. १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टीवर्ड यांनी माध्यमात (पेशी वाढवायच्या पोषक मिश्रणात) नारळपाणी घालून गाजराच्या पेशींपासूनच रोपं वाढवली होती.

ताजं, न तडकलेलं गाजर घ्या. साल काढून धुवा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि चार भाग पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, यात १५ मिनिटं. निर्जंतुक पाण्याने चारदा खळबळा. अल्कोहोलची बाटली दिव्यापासून लांब ठेवा, हे दरवर्षी ओरडून सांगावं लागतं.

दोन मिलिमीटरची चकती कापून उजेडाकडे धरा. बाहेरचा भाग गडद, गाभा फिकट आणि मधे बारीकसं कडं दिसेल. ते कॅम्बियम, सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा थर. तुकडे असे कापा की प्रत्येकात ते कडं येईल.

माध्यम मुराशिगे-स्कूगचं, म्हणजे क्षार-जीवनसत्त्वांचं ठरलेलं मिश्रण. लिटरला साखर ३० ग्रॅम, माध्यम घट्ट करणारं अगार ८ ग्रॅम, टू-फोर-डी १ मिलिग्रॅम, सामू ५.८. ऑटोक्लेव्ह नसेल तर कुकर चालतो : १५ पौंड दाबाला २० मिनिटं. टू-फोर-डी म्हणजे शेतात मारतात तेच तणनाशक, पण कृषी केंद्रातली बाटली आणू नका, प्रयोगशाळेचं शुद्ध हवं. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा.

तुकडे या माध्यमावर ठेवून २५ अंशांवर अंधारात महिनाभर ठेवा. बुरशी यायची असेल तर बहुधा पहिल्याच आठवड्यात येते. तुकड्यांवर गाठी धरतात, तो कॅलस. फिकट पिवळा, फुटलेल्या रव्याच्या लाडवासारखा भुसभुशीत असेल तोच उचला. पाणचट, काचेसारखा दिसणारा टाकून द्या. उचललेला भुसभुशीत कॅलस अगार नसलेल्या त्याच माध्यमात घालून शेकरवर (फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) दोन-तीन आठवडे हलता ठेवा, दर आठवड्याला माध्यम बदला.

आता खरी मेख. टू-फोर-डी असेपर्यंत पेशी नुसत्या वाढत राहतात, गर्भाची तयारी झाली तरी पुढे सरकत नाहीत. ते काढून घेतलं की गर्भ आकार घेतात. एका वर्षी मी घाईत जुनं माध्यम ओतलं आणि पेशी न धुताच नवं भरलं. तीन आठवडे फ्लास्कमध्ये नुसता गढूळपणा! म्हणून पेशी तळाशी बसू द्या, वरचं ओता, टू-फोर-डी नसलेल्या माध्यमाने तीनदा धुवा. मग जाळीतून गाळून टू-फोर-डी नसलेल्या माध्यमातच अगदी विरळ पेरा. दाटी झाली की गर्भ रखडतात.

आठवड्याभराने भिंगाखाली बघा. आधी गोल गोळे, मग पत्त्यातला बदाम, मग लांबट टॉर्पेडो. एकाच फ्लास्कमध्ये तिन्ही सापडतात, त्याची काळजी नको. मुळाला पोरं हमखास गर्भ समजतात. सुईने हळूच ढकलून बघा : गर्भ सुटा तरंगतो, त्याच्या एका टोकाला मूळ आणि दुसऱ्या टोकाला दोन पानुल्या असतात. नुसतं मूळ असेल तर ते कॅलसला चिकटून ओढलं जातं.