ब्लड रिपोर्टमध्ये एच-एल दिसतंय आणि छातीत पण काहीतरी होतंय, कसं बघायचं?

सगळ्यात आधी हे. आत्ता छातीवर दाब आल्यासारखं वाटतंय, घाम फुटलाय, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, दम लागतोय, तर पुढचं वाचू नका, १०८ ला फोन लावा. रिपोर्ट नंतर.

बाकीच्यांसाठी. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, तीन-चार आकडे ठळक, शेजारी एच (हाय, जास्त) नाहीतर एल (लो, कमी), आणि घरात एकदम सुतक पडतं. तर ती छापलेली रेंज म्हणजे साधारण ९५ टक्के निरोगी लोक ज्यात बसतात ती. म्हणजे धडधाकट माणसांतलेही शंभरात पाच बाहेर पडणारच, आणि फुल बॉडी पॅकेजात साठ-सत्तर टेस्ट असल्या की एखादा एच आला नाही तरच नवल. त्यामुळे आकडा किती बाहेर गेलाय ते बघा आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढून शेजारी ठेवा, शक्यतो त्याच लॅबचा. एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) ४४ आणि ४०० दोन्हीला एचच लागतो हो.

मग सँपलच्या आदल्या दिवशी काय केलं ते आठवा. रविवारी सिंहगड चढून आलात आणि सोमवारी सकाळी रक्त दिलं तर सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) वाढलेलं येऊ शकतं, लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीओटीसुद्धा, कारण ते स्नायूंतूनही येतं. रात्री बिर्याणी आणि दोन पेग झाले असतील तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या वर जायला वेळ लागत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, काही मशीनवर त्यामुळे टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) खोटं कमी येतं.

पोटॅशियमची वेगळीच गंमत. दंडाला पट्टा करकचून बांधला, मूठ उघड-बंद करायला लावली, किंवा ट्यूबमध्ये रक्तपेशी फुटल्या, की खोटंच वाढलेलं दिसतं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. तब्येत ठणठणीत आणि ५.४ आलं तर डॉक्टरांना विचारून परत करून घ्या. पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर त्याच दिवशी फोन करा, आणि ६ च्या वर असेल तर उद्यावर ढकलू नका, हॉस्पिटलात जाऊन ईसीजी काढा, कारण त्याने हृदयाचे ठोके बिघडतात.

नुसती धडधड होत असेल तर हिमोग्लोबिन आणि टीएसएच आधी बघा. बायकांमध्ये १२ च्या खाली, पुरुषांत १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, त्यात जिना चढताना दम लागतो, धडधडतं. टीएसएच फारच कमी असेल तर थायरॉइड जास्त पळतोय, त्यानेही. ईसीजी तरीही काढाच.

एलडीएलचं, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचं, उलटं आहे, इथे छापलेली रेंज फसवते. १०० च्या आत म्हणजे ओके असं लिहिलेलं असतं, पण ज्याची अँजिओप्लास्टी झालीये त्याचं निदान ७० च्या आत हवं, बरेच कार्डिओलॉजिस्ट तर ५५ म्हणतात, मग त्याचं ९५ कसलं नॉर्मल? आणि १९० च्या वर असेल तर तूप बंद करून बघत बसू नका, हे घराण्यातून आलेलं असू शकतं, भावंडांचं आणि मुलांचंही तपासून घ्या.

आता लक्षणं. पर्वतीच्या पायऱ्या अर्ध्या चढल्या की छाती आवळते आणि कठड्यावर टेकलं की दोन-पाच मिनिटांत थांबते, हे परत परत होत असेल तर तो अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं) असू शकतो, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट) कितीही छान असू दे, या आठवड्यातच डॉक्टर गाठा. डायबेटिसवाल्यांना, बायकांना, वयस्कर माणसांना कधीकधी दुखतच नाही, नुसती मळमळ, घाम, थकवा, आणि घरचे म्हणतात गॅस झाला असेल, इनो घे. या इनोपायी लाखमोलाचा वेळ जातो. घरी लॅबवाल्याला बोलावून ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) करून घेणं पण निरुपयोगी, ते वाढायलाच काही तास लागतात, हॉस्पिटलात ईसीजीसोबत ते परत परत बघतात. शेजाऱ्यांनी दिलेली सॉर्बिट्रेट (छातीच्या दुखण्याची गोळी) जिभेखाली ठेवू नका, बीपी आधीच कमी असेल तर अजून पडेल. आणि स्वतः टू-व्हीलर काढून जाऊ नका, प्लीज.

चोवीस तास कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी करतात) चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं ते आजच विचारून ठेवा, संध्याकाळी सातला सिंहगड रोडवर अडकल्यावर नाही.