बार्शी लाइटच्या मॉडेलवर गाडी अडत होती, तेव्हा

आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, म्हणून माझं रेल्वेचं मॉडेल बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचंच. १८९७ची ती ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) १:८७ प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर येते. त्यामुळे एन गेज या छोट्या मॉडेल-मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ चपखल बसतात.

गाडी कुर्डुवाडीहून झोकात सुटायची, पंढरपूरजवळ रांगायची. मल्टिमीटर लावला तर तिथे व्होल्टेज बरंच उतरलेलं. इंजिनाला रुळांतूनच मिळणारा करंट रुळाचे तुकडे जोडणाऱ्या नुसत्या जोडपट्ट्यांतून जात होता आणि त्या काळवंडलेल्या. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बाहेरच्या अंगाने बारीक वायर सोल्डर केली आणि प्लायला भोक पाडून खालच्या वीजपुरवठ्याच्या जाड वायरींना जोडली. सोल्डर करताना दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, नाहीतर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात.

आता गाडी एका चालीत पंढरपुरात शिरते. डबे आजोबांनी सांगितलेल्या रंगात रंगवायचे तेवढे बाकी आहेत.