सामायिक तळ्यातल्या खुरटलेल्या माशांची विरळणी

काठावर मूठभर कोंडा टाकला की पाणी उकळल्यासारखं होतं, पण गळाला लागणारा प्रत्येक मासा बोटभरच. अशा तळ्यावर बहुतेक जण एकच चूक करतात. मासा लहान आहे, वाढू दे, म्हणून तो परत पाण्यात सोडतात. तो लहान नसतो. वयाने पुरता वाढलेला, अंडी घालणारा, पण अर्धपोटी राहून खुरटलेला असतो. वाफ्यात रोपं दाट उगवली की आपण विरळणी करतो, तेच इथे करायचं आहे. मात्र ते थोड्या दिवसांत, भरपूर आणि सगळ्यांनी मिळून करावं लागतं. चार जणांनी काढायचे आणि पाचव्याने दया येऊन सोडायचे, असं चाललं तर तळं होतं तिथेच राहतं.

खाली मुख्यतः तिलापिया, म्हणजे चिलापी, धरून लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त गर्दी तोच करतो. मोजणी आणि काढणीची रीत इतर माशांनाही चालते.

आधी मासा हातात घेऊन बघा

खुरटलेल्या माशाचं डोकं धडाच्या मानाने मोठं आणि डोळे बटबटीत दिसतात. पोट आत गेलेलं असतं आणि पाठीवर बोट फिरवलं तर कड धारेसारखी लागते. मादीचं तोंड हलक्या हाताने उघडा. आठ-नऊ सेंटिमीटरच्या मादीच्या तोंडात पिवळसर अंडी किंवा काळे डोळे दिसणारी पिल्लं सापडली, तर पुढे फारसा वाद उरत नाही. तळ्यात खायला चांगलं मिळालं तर नाईल तिलापिया साधारण १५० ते २०० ग्रॅमचा झाल्यावर वयात येतो. गर्दीत तोच २०-३० ग्रॅमचा असताना अंडी घालू लागतो.

मग नमुना घ्या. तळ्याच्या तीन वेगवेगळ्या जागांवरून मिळून १०० मासे पकडा. प्रत्येकाची तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये लिहा. वजनाला १०० ने गुणा आणि लांबीच्या घनाने भागा. १० सेंटिमीटरचा मासा १४ ग्रॅम भरला तर अंक येतो १.४. तोच १९ ग्रॅम भरला तर १.९. हा अंक दुसऱ्या तळ्याशी किंवा दुसऱ्या जातीशी ताडून बघण्यात अर्थ नाही. आपल्याच तळ्यातल्या, त्याच लांबीच्या माशांचा अंक विरळणीआधी किती होता आणि नंतर किती झाला, एवढंच बघायचं. त्यासाठी ही वही जपून ठेवा.

किती आहेत आणि किती काढायचे

अंदाजाने काढायला गेलं की नेहमी कमीच निघतात, म्हणून मोजणी करा. १५० मासे पकडून प्रत्येकाच्या पोटाखालच्या एका पराचं टोक बारीक कात्रीने कापा आणि लगेच सोडा. शेपटीला हात लावू नका, पोहण्याला तिचाच जोर लागतो. हे मासे एकाच काठाला न सोडता तळ्याच्या चारही बाजूंना सोडा. तीन-चार दिवस जाऊ द्या, म्हणजे ते इतरांत मिसळतील. मग पुन्हा वेगवेगळ्या जागी जाळं टाका आणि एकूण किती मिळाले, त्यांत कापलेल्या पराचे किती, हे मोजा.

समजा दुसऱ्या वेळी १८० मासे मिळाले आणि त्यांत १२ खुणेचे निघाले. दोन्ही वेळच्या आकड्यांत एकेक मिळवून गुणाकार करा, १५१ गुणिले १८१. त्याला खुणेच्या माशांत एक मिळवून, म्हणजे १३ ने भागा आणि शेवटी एक वजा करा. उत्तर सुमारे २,१०० येतं. खुणेचे मासे सहा-सातपेक्षा कमी मिळाले तर या उत्तरावर विसंबू नका, पुन्हा जाळं टाका. आणि लक्षात असू द्या, जाळ्याच्या आसातून, म्हणजे भोकांतून, निसटणारी पिल्लं या मोजणीत येतच नाहीत.

आता वजनाचा हिशेब. सरासरी २५ ग्रॅमचे २,१०० मासे म्हणजे साडेबावन्न किलो. बाहेरून खाद्य न मिळणारं तळं जेवढं वजन पोसू शकतं, तेवढंच पोसतं. तेच साडेबावन्न किलो १५० ग्रॅमच्या माशांत वाटले तर मासे होतात फक्त ३५०. म्हणजे तळ्यात अन्न कमी नाही, तोंडं जास्त आहेत.

अशा तळ्यातून दोन-तीनशे मासे काढून काहीच साधत नाही. राहिलेल्यांना थोडं जास्त खायला मिळतं, त्यांची पिल्लं जास्त जगतात आणि दोन-तीन महिन्यांत जागा भरून निघते. निदान दोन तृतीयांश काढा, जमलं तर तीन चतुर्थांश. वरच्या उदाहरणात १,५०० काढायचे, म्हणजे सुमारे साडेसदतीस किलो. हा आकडा ऐकून लोक दचकतात, म्हणून मोजणीची वही सगळ्यांसमोर उघडी ठेवा आणि काढणीच्या आधी एकत्र बसून तो ठरवून घ्या. तळ्यावर हक्क कुणाचा आहे आणि जाळं टाकायला परवानगी लागते का, तेही त्याच बैठकीत निकालात काढा.

कधी

पाणी २४ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तिलापियाचं प्रजनन जोरात सुरू होतं आणि ऊब टिकली तर एक मादी दर चार-सहा आठवड्यांनी वीण घालू शकते. म्हणून काढणी त्याआधीच्या थंड दिवसांत उरका.

ओढजाळ्याने तळाचा गाळ ढवळला जातो आणि पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. हिरव्या पाण्यात पहाटे तो आधीच सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर त्या दिवशी जाळं टाकू नका. ढगाळ दिवसांच्या ओळीतही थांबा. उन्हं चढल्यावर, आठ-नऊच्या सुमारास सुरू करा आणि दुपारच्या आत आवरा. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. पोट रिकामं असलेले मासे हाताळणी चांगली सोसतात.

काढणी

ओढजाळं तळ्याच्या रुंदीच्या दीडपट लांब आणि खोलीच्या दीडपट उंच हवं. बरोबर मापाचं घेतलं तर ते ओढताना ताणलं जातं आणि मधला झोळ नाहीसा होतो. बोटभर माशांसाठी आस १० ते १२ मिलिमीटरचा ठेवा. मोठ्या आसात लहान मासे कल्ल्यांपाशी अडकून मरतात आणि ते सोडवण्यात सकाळ जाते.

तिलापिया जाळ्याला फसवण्यात पटाईत आहे. जाळ्याच्या वरच्या, बोयांच्या दोरीवरून उडी मारतो, खालच्या, शिशाच्या दोरीखालच्या गाळात घुसतो. त्यावर उपाय दोन. शिशाची दोरी घेऊन चालणाऱ्यांनी बोयांच्या दोरीच्या थोडं पुढे राहावं आणि दोरी तळावरून एकदाही उचलू नये. जाळं काठाला येताना एकाने मागून बोयांची दोरी पाण्याच्या वर हातभर उचलून धरावी. ओढण्याआधी तळातली लाकडं, दगड, तारा काढून टाका. एका ठिकाणी जाळं अडकलं की सगळा घोळका त्या फटीतून निघून जातो.

पाणी सोडायची सोय असेल तर पातळी आधी उतरवा. तळ्याचं क्षेत्र निम्म्यावर आलं की एका ओढीला कितीतरी जास्त मासे येतात. पण पातळी उतरवून अंड्यांसाठी केलेले तळातले खळगे उघडे पाडले की वीण मरेल, हा हिशेब तिलापियाला लागू पडत नाही. नर खळगा करतो खरा, पण अंडी मादी लगेच तोंडात घेते. खळग्यात अंडी राखणाऱ्या माशांच्या बाबतीत मात्र तो उपाय चालतो.

आता एक बारीक गोष्ट, जी हमखास राहून जाते. घाबरलेली मादी तोंडातली पिल्लं थुंकून देते. जाळं पाण्यावर धरून झटकलं, तर मादी हाती येते आणि तिची शंभरेक पिल्लं आसातून पुन्हा तळ्यात पडतात. म्हणून जाळं काठावर, पाण्यापासून चार पावलं आत ओढून घ्या आणि मासे तिथेच क्रेटमध्ये भरा.

एका दिवसात दोन-तीन ओढी पुरेत. मग तीन-चार दिवस थांबून पुन्हा. अशा पाच-सहा फेऱ्या दोन-तीन आठवड्यांत करा आणि प्रत्येक ओढीचं वजन ताणकाट्यावर मोजून लिहा. आकडा घसरत गेला पाहिजे. दोन ओढींत एकदम तळाला गेला, तर मासे संपले असं समजू नका. ते जाळ्याला सावध झाले आहेत. तेव्हा साधन बदला.

खडकाळ कोपरे आणि झुडपांखालच्या जागा फेकजाळ्याला द्या. वेली-वनस्पतींत पिंजरे लावा, नरसाळ्यासारख्या तोंडाचे, आतलं भोक चार-पाच सेंटिमीटरचं. आत कोंडा आणि पेंडीचा घट्ट गोळा ठेवा. पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील असाच लावा, नाहीतर आत शिरलेलं कासव गुदमरून मरतं. दिवसातून निदान एकदा पिंजरा उचला. पिल्लांचे घोळके सकाळच्या उन्हात उथळ काठाला येतात. मच्छरदाणीचं कापड दोन काठ्यांना बांधून ते उचलता येतात, आणि हे काम मुलंही मोठ्यांच्या देखरेखीखाली छान करतात.

तिलापिया धरताना तळवा डोक्याकडून शेपटीकडे नेत पाठीचे काटे दाबून घ्या, हातमोजे घाला. काटा टोचला तर जखम लगेच साबणाने धुवा, माशांमधले जंतू हाताला चिघळवू शकतात. खोल गाळात एकट्याने उतरू नका.

ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक किंवा विजेचा झटका यांचं नावही काढू नका. विषाला मोठा मासा आणि लहान मासा, बेडूक आणि गुरं यांतला फरक कळत नाही. मेलेल्यांपैकी पुष्कळ तळाशी बसून कुजतात आणि उरलेला ऑक्सिजनही खातात.

परत काय सोडायचं

क्रेटमध्ये निवड करा. तिलापियाचे फक्त नर परत सोडा, तेही सगळ्यात मोठे. मासा उलटा करून गुदद्वाराच्या मागचा छोटा उंचवटा बघा. नरात तिथे टोकाला एकच छिद्र असतं, मादीत टोकावरच्या बारीक छिद्राखेरीज मधोमध एक आडवी चीर असते. निळ्या शाईचा थेंब बोटाने चोळला की चीर उठून दिसते. २५-३० ग्रॅमच्या खाली हे नीट ओळखता येत नाही, तेव्हा शंका आली तर तो मासा काढलेल्यांत टाका. नर मादीपेक्षा भराभर वाढतो, त्यामुळे ही मेहनत दुहेरी कामी येते.

मरळीसारखा शिकारी मासा जाळ्यात आला तर तो हटकून परत सोडा. तळ्यात गर्दी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, की लोक मोठे शिकारी मासे घरी नेतात आणि लहान मासे पाण्यात सोडतात. मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी अमेरिकेतल्या ऑबर्न इथे तळ्यांवर केलेल्या कामातून १९५० मध्ये मांडलं, की खाल्ल्या जाणाऱ्या माशांचं वजन शिकारी माशांच्या तिप्पट ते सहापट असेल तर तळं चांगलं चालतं. ती तळी बास (शिकारी) आणि ब्लूगिल (त्याचं भक्ष्य) या तिकडच्या माशांची होती, म्हणून आकडा तंतोतंत घेऊ नका, दिशा घ्या. वरच्या उदाहरणात १५ किलो मासे उरले, तर अडीच ते पाच किलो शिकारी हवेत.

शिकाऱ्यावर सगळं काम टाकू नका. तो सहसा आपल्या लांबीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच मासा गिळतो. ३० सेंटिमीटरची मरळ पिल्लं फस्त करेल, पण १२ सेंटिमीटरचा रुंद पाठीचा खुरटा तिलापिया तिच्या घशाखाली उतरत नाही. मधल्या मापाचे मासे जाळ्यानेच काढायचे, शिकारी पुढची वीण आवरतो. आणि शिकारी बाहेरून आणायचाच झाला, तर त्या भागात मुळातच असलेल्या जातीचा आणा.

काढलेल्या माशांचं काय

दुसऱ्या ओढ्यात, विहिरीत, तळ्यात एकही सोडू नका. आपली गर्दी तिथे जाते, आणि तिलापिया एकदा वाहत्या पाण्यात गेला की परत मिळत नाही. खायला न्यायचे असतील तर माशांएवढाच बर्फ लागतो, तो आधी आणून ठेवा. उरलेल्यांचं खत करा. एक घमेलं माशांना तीन घमेली भुसा किंवा सुका पाला, थरावर थर, आणि वर ३० सेंटिमीटर सुक्या पाल्याचं आच्छादन. आच्छादन पातळ झालं की वास सुटतो आणि कुत्री ढीग उकरतात.

जाळं उसनं आणलं असेल तर वापरण्याआधी आणि नंतर ते कडक उन्हात दोन दिवस पूर्ण वाळवा. ओल्या जाळ्यातून शेवाळ, गोगलगायी आणि रोग एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

नंतरचे तीन महिने

काठावर एक फळा लावा आणि त्यावर १५ सेंटिमीटरची रेघ रंगवा. रेघेपेक्षा लहान तिलापिया परत सोडायचा नाही, शिकारी मासा कुठल्याही मापाचा असो, परत सोडायचा. काठावरून खाद्य फेकणं बंद करा. ते पहिल्यांदा पिल्लांच्याच तोंडी पडतं आणि सगळी मेहनत फुकट घालवतं.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा १०० माशांचा नमुना घ्या, त्याच तीन जागांवरून, त्याच जाळ्याने. त्याच लांबीच्या माशांचं वजन वाढलं असेल तर विरळणी लागू पडली. वजन तेवढंच आणि पिल्लांचे घोळके काठाला पुन्हा दाट, असं दिसलं तर काढणी कमी पडली आहे. पुढची वीण मोठी व्हायच्या आत आणखी दोन फेऱ्या करा.